बकरीचा ठिपका

५ जुलै, रविवार

धुळ्याहून सुलक्षणा आली. माझी नात, रूपाची मुलगी. कपड्यांची पिशवी लहान, कम्प्युटरची मोठी. जळगावला वरच्या शिक्षणाला आहे. काय शिकते ते रूपाला सांगता येत नाही, जावयाला तर विचारूच नये. श्रावण लागेपर्यंत जाऊन-येऊन इथे राहणार आणि आपल्या गावाचं गणित करणार म्हणते.

"गावाचं कसलं गं गणित?"

"वर धरणातून गिरणेला पाणी सोडलं की गावात बातमी कशी पसरते, आजी. कोण कोणाला सांगतं. खालच्या गल्लीत आधी बातमी पोहोचते की आधी पाणी."

म्हटलं, पाणी. झालं तुझं गणित. चहा पी आणि उद्याच्या एसटीने परत जा.

हसली. पोरीला राग येत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

ही डायरी तिनेच दिली. बियाण्याच्या कंपनीची, वर कपाशीचं बोंड छापलेलं. मागच्या वर्षाची आहे म्हणून वार जुळत नाहीत, मी खोडून माझे घालते. रोज कोणाकोणाशी बोललीस ते यात लिही म्हणाली. मी चौथीपर्यंत गेले. चौथीचा पेपर दिला नाही, त्या दिवशी म्हैस व्याली. तरी लिहिता येतं. पण कोणाशी बोलले ते मी तिला तोंडी सांगेन. डायरीत मला वाटेल ते लिहीन आणि गव्हाच्या कोठीत ठेवीन.

७ जुलै, मंगळवार

आज गाव दाखवलं. कम्प्युटरमध्ये. घरं नाहीत, मारुतीचं देऊळ नाही, उकिरडे नाहीत. नुसते ठिपके. खाली निळा पट्टा, ती म्हणे गिरणा.

"हा ठिपका तू, आजी."

मी चष्मा पुसून पाहिलं. तिळाएवढी.

"मी इतकी बारीक?"

"सगळेच सारखे. सरपंचही एवढाच."

हे मात्र बरं वाटलं.

बातमी पोहोचली की ठिपका हिरवा होतो. पोहोचायच्या आत पाणी आलं तर लाल. मग तिने एक बटण दाबलं आणि ठिपके हिरवे व्हायला लागले, इकडून तिकडे, जशी लग्नघरात भांडणाची खबर फिरते तसे. खाली नदीकाठी काही लाल झाले.

"हे मेले?"

"मेले नाहीत गं. हे मॉडेल आहे. खरं गाव नाही, गावासारखं वागणारं गाव."

गावासारखं वागतं तर मग गावच का नाही पाहत? बाहेर आहे की. मला काही कळलं नाही. तिने पुष्कळ समजावलं. शेवटी म्हणाली, "आखाजीला तू घागरीखाली चार ढेकळं ठेवतेस ना?"

ठेवते. अक्षय्य तृतीयेला भरलेली घागर खाली पाझरते. जे ढेकूळ जास्त ओलं होईल त्या महिन्यात पाऊस जास्त. आषाढाचं एक, श्रावणाचं एक, अशी चार.

"मग ढेकूळ म्हणजे काही खरा श्रावण नाही. पण तू त्यावरून श्रावणाचा अंदाज घेतेस. हे तसंच."

हे कळलं. पण ढेकूळ आपण होऊन ओलं होतं. ढेकळाला कोणी विचारत नाही की बाई, तू कोणाशी बोलतेस.

८ जुलै, बुधवार

आज विचारलंच. कागद घेऊन समोर बसली. रोज कोणाशी बोलतेस, पाणी कोणासोबत भरतेस, आणि नदीला पाणी सोडल्याचं कळलं तर पहिलं कोणाला सांगशील.

मी म्हटलं, भिकुबाईला.

तिने लिहून घेतलं.

भिकुबाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. खालच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं घर आहे. मुलगा, सून, सगळे सुरतेला, ही इथे एकटी बकरी घेऊन. तिला कळलं की बठ्ठ्या, अगदी सगळ्या, गल्लीला कळलं, असा तिचा घसा. तेव्हा कोणीही शहाणा माणूस पहिलं नाव तिचंच घेईल. फक्त मी तिच्याशी बोलत नाही. दोन कानबाया झाल्या, म्हणजे दोन श्रावण, बोलणं बंद आहे.

आता हे काय नातीला सांगायचं? सासरी दिलेल्या लेकीला माहेरची भांडणं कळू द्यायची नाहीत, हा माझा नियम. रूपाला माहीत नाही, तर रूपाच्या मुलीला कशाला? त्यात हा कागद जळगावला जाणार, तिचे मास्तर वाचणार. भाऊबंदकीतली फट मास्तराला कशाला दाखवायची? उंबऱ्याच्या आतलं उंबऱ्याच्या आत.

मुलगा प्रेमराज तिथेच शेव खात बसला होता. अमळनेरला सरकी-ढेपेच्या दुकानात कामाला आहे, संध्याकाळी आला की आधी शेव. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने शेव खाल्ली.

११ जुलै, शनिवार

सुलक्षणा खालच्या गल्लीत जाऊन आली. खुशीत होती.

"आजी, भिकुआजींना विचारलं, तुम्हाला बातमी कोण देईल? त्या म्हणाल्या, 'अक्काच सांगस मले. आखो कोन सांगी?' तू म्हणतेस तिला सांगेन, ती म्हणते तू सांगतेस. दोन्हीकडून जुळलं. अशी रेघ मॉडेलमध्ये पक्की धरतात."

मी कणीक मळत होते ती मळत राहिले.

मला अक्का म्हणाली. आणि खोटं का बोलली? माझं समजू शकतं, माझ्या घरात माझी नात आहे. तिला काय पडलं होतं? तिने सांगायचं होतं की अक्का माझ्या सावलीलाही उभी राहत नाही. मी असते तर हेच सांगितलं असतं. म्हणजे मी तसं सांगितलं नाही, पण सांगितलं असतं.

डोकं दुखलं. कणीक सैल झाली.

१९ जुलै, रविवार

पोरगी दिवसभर गाव बुडवते. एकदा पाणी सोडलं, पाहिलं, पुन्हा पहिल्यासारखं केलं, पुन्हा सोडलं. म्हटलं, एकदा पाहिलंस ना, आता दुसरं काही काम कर.

"दर वेळी वेगळं होतं गं. कधी तू घरी असतेस, कधी शेतात. कधी तुला लगेच कळतं, कधी उशिरा. म्हणून हजारदा करून पाहायचं आणि बहुतेक वेळा काय होतं ते धरायचं."

"हजारदा? आणि मी दर वेळी उठून खाली जाते?"

"हो. पक्की रेघ आहे ना."

"कधी मरते का?"

"तू नाही मरत, तू वर राहतेस."

"मग भिकुबाई?"

"तिला तू सांगतेस ना. ती पण वाचते. तिच्यामुळे सगळी गल्ली. अन्वरचाचा, ताजबी, सगळे हिरवे."

अन्वर पिंजारी भिकुबाईच्या लगतचा. गाद्या भरायला गावोगाव फिरतो, घरी त्याची ताजबी एकटी. गुडघ्यांनी बसलेली बाई, धरून उठवावी लागते. ती पण हिरवी. मी हजारदा त्या उतारावरून गेले आणि सगळ्यांना वाचवून आले, आणि इथे माझा पाय ओट्याखाली उतरला नाही.

पाण्याचं गणितही दाखवलं. कोणती गल्ली किती खोल, पाणी किती वेगाने चढेल. म्हटलं, पाणी उताराला जातं हे कळायला जळगावपर्यंत जायला लागतं का? ती म्हणाली, त्यात मी चुकणार नाही, माणसांत चुकेन.

मी उठून भाकरी टाकायला गेले.

२४ जुलै, शुक्रवार

तालुक्याहून दोन साहेब आले. गावाला एक भोंगा मिळणार आहे, पाणी सोडलं की वाजायला. एकच. कुठे लावायचा ते सुलक्षणाच्या गणितावरून ठरलं. तिने ठिपके दाखवले, साहेबांनी माना हलवल्या. भोंगा वरच्या चौकात लागणार. तिकडच्या वस्तीत नवीन लोक आहेत, कोणी कोणाला ओळखत नाही, रेघा कमी. खालच्या गल्लीत गरज नाही. तिथे तोंडी निरोप पक्का.

"ताईबाई आहेत ना," एक साहेब म्हणाला माझ्याकडे बघून.

मी पदर सारखा केला. काय म्हणणार होते? चारचौघांत?

पण मला हे कळत नाही. भोंगा लोखंडाचा. खांब लोखंडाचा. मी ओसरीत बसून एक नाव घेतलं, तर एवढं लोखंड नदीकाठावरून चौकात कसं गेलं?

प्रेमराजने संध्याकाळी विचारलं, "माय, सांगू का तिला?" म्हटलं, तुला विचारलं कोणी? शेव खा.

३० जुलै, गुरुवार

आज रंगीत तालीम होती. म्हणजे पाणी नाही, फक्त पाणी आल्यासारखं करायचं. भोंगा अजून जोडलेला नाही, फोन वापरायचे नाहीत, कारण खऱ्या पुरात टॉवर बंद पडतो. झुलाल कोतवालाने वरच्या काही घरांत सांगायचं आणि पुढे लोकांनी लोकांना. सुलक्षणा आणि तिच्यासोबतच्या पोरी गल्ल्यांच्या तोंडाशी उभ्या.

झुलाल माझ्या दाराशी आला. "अक्का, पाणी सोडलं. खोटं खोटं." मी म्हटलं, बरं. तो गेला. मी उठले. पायात चपला घातल्या. ओट्याच्या पायरीपर्यंत आले. म्हटलं, खोटं खोटं पाणी आहे, त्यासाठी खरं खरं बोलणं सुरू करायचं का? चपला काढल्या.

खालच्या गल्लीत निरोप पोहोचलाच नाही. भिकुबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती म्हणे. ताजबी झोपली होती. सगळे लाल.

सुलक्षणा परत आली. जेवली थोडंच. "हजारदा केलं त्यात असं जवळजवळ कधीच झालं नाही, आजी. मग पहिल्याच खऱ्या वेळी कसं झालं?"

म्हटलं, खरी वेळ कुठे होती, खोटी होती.

"तू गेली नाहीस का?"

"पाय दुखत होता."

१ ऑगस्ट, शनिवार

आता कम्प्युटरमध्ये माझा पाय दुखतो.

खरंच. तिने माझ्या ठिपक्याला पाय लावला. निम्म्या वेळा दुखतो, निम्म्या वेळा नाही. म्हातारी माणसं धरायला हवी होती, माझीच चूक म्हणाली. मग पुन्हा हजारदा गाव बुडवलं. दुखला की खालची गल्ली लाल, नाही दुखला की हिरवी.

म्हणजे निम्म्या वेळा माझ्या पायापायी भिकुबाई बुडते. सोबत ताजबी, तिचे गुडघे, अन्वरच्या गाद्या, सगळं. आणि माझा पाय ठणठणीत आहे! काल मी कोपऱ्यावरच्या दुकानात दोनदा जाऊन आले.

तिने साहेबांना फोन केला की खालच्या गल्लीतही भोंगा पाहिजे. ते म्हणाले, पोळा झाल्यावर बघू, आता सह्या झाल्या.

म्हटलं, पोळ्यापर्यंत नदी थांबेल का?

"म्हणून तर विचारते आजी, तुझा पाय बरा होईल ना?"

किती वेळ माझ्याकडे बघत होती. हिला काही कळलं आहे की काय? की हिला खरंच पायाची काळजी आहे? या पोरीच्या तोंडावरून काही समजत नाही. आपल्याकडच्या बायकांचं तोंड कसं, भिंतीवर लिहिल्यासारखं असतं.

९ ऑगस्ट, रविवार

सुलक्षणा परवा जळगावला गेली. घर मोकळं झालं, बरं झालं.

एका कानबाईच्या दोन कशा झाल्या ते लिहून ठेवते, म्हणजे कोणी माझ्यावर ढकलायला नको. श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी बसते, बठ्ठी भाऊबंदकी एका घरी, थोरल्याच्या. ते घर माझं. रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायचे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा माप. ते रोट कुळाबाहेर कोणाला देत नाहीत, दिलेल्या लेकीलाही नाही. भिकुबाईच्या मुलाने सुरतेत विधवा बाई केली. तिला आधीचा एक मुलगा, हितेंद्र. आता बाप्या झालाय, साड्यांच्या कारखान्यात जातो. भिकुबाई म्हणाली, अक्का, हितेंद्रचे गहू मोज. मी म्हटलं, तो आपल्या कुळाचा नाही. ती म्हणाली, मी त्याला नातू म्हणते. मी म्हटलं, तू बकरीलाही लेक म्हणतेस, तिचे मोजू?

ती उठून गेली. त्या रविवारी तिने तिच्या घरी वेगळी कानबाई बसवली. चूल वेगळी होते, शेत वेगळं होतं. कानबाई वेगळी झालेली मी पाहिली नव्हती.

नियम मी केला का? मी फक्त मोजत होते.

१३ ऑगस्ट, गुरुवार

हात दुखतोय, तरी आजचं आज लिहिते.

सकाळी लख्ख ऊन होतं. इथे पावसाचं नाव नाही. पाऊस वर, नाशिककडे. झुलाल सायकलवर धापा टाकत आला. "अक्का, सोडलं! खरं खरं! मोठं सोडलं!" आणि पुढे वरच्या वस्तीकडे गेला. चौकातला भोंगा वाजायला लागला. वरची वस्ती उंचावर, तिथे पाणी कधी जात नाही, तिथल्यांचे कान फुटायची वेळ. खाली तो ऐकू येत असेल जसा पलीकडच्या गावातला बँड.

प्रेमराज अमळनेरला. फोन लागेना. ओट्यावर मी उभी.

आता हे मी स्वतः पाहिलं म्हणून लिहिते, नाहीतर मला खरं वाटलं नसतं. मला माझा ठिपका दिसला. उन्हात, ओट्यावर. तीळ. आणि कोणीतरी बटण दाबलं आणि वाट पाहतंय की आज हिचा पाय दुखतो की नाही.

म्हटलं, हजारदा गेलीस, आता एकदा जा.

उतारावरून गेले. भिकुबाईचं दार उघडं, आतून धूर, ती चुलीपुढे. दारात उभी राहून तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मी हिच्याशी बोलत नाही. तोंड मिटलं. दोन कानबायांचा दगड, असा कसा हलेल? समोर ओट्याच्या खुंटीला बकरी बांधलेली होती. ती माझ्याकडे पाहत चघळत होती.

मी बकरीला ओरडले, "ए बकरी! गिरणाले पानी सोडेल शे! तुनी मालकीनले सांग, चूल तशीच ऱ्हाऊ दे, वर शाळामा चाल! बठ्ठी गल्लीले उठाड!"

आत भांडं पडलं. मग आवाज, तोही बकरीलाच. "बकरी, इचार तिले, खरं शे का मांगला सारखं खोटं खोटं?"

"खोटं ऱ्हातं ते मी येतू का, इचार तिले!"

यावर भिकुबाई बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं नाही. हातात थाळी आणि लाटणं. थाळी बडवत गल्लीतून निघाली ती असा घसा काढून की साहेबांचा भोंगा लाजावा. दारं उघडली. अन्वर आज घरी होता. त्याने ताजबीला हातगाडीवर बसवलं, गाद्या टाकल्या तिथेच. ताजबी ओरडत होती, "अरे, मेरी चाय चुल्हे पे है!" अन्वर म्हणाला, "गिरना पियेगी तेरी चाय, पकड के बैठ!"

बकरी तशीच बांधलेली. कोणाच्या लक्षात नाही. मी सोडली. नाहीतर कोण सोडणार होतं? ओढत शाळेत आणली. वाटेत तिने माझा पदर खाल्ला.

दुपारपर्यंत पाणी भिकुबाईच्या ओट्यावरून आत गेलं. दोन घरांच्या भिंती बसल्या. माणूस एकही गेलं नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

बठ्ठी खालची गल्ली शाळेच्या ओसरीत. वरच्या घरांतून भाकरी येतात. मी पिठलं नेलं. भिकुबाई ओसरीच्या या टोकाला, मी त्या टोकाला, बकरी मधल्या खांबाला. भिकुबाईने पिठलं वाढून घेतलं आणि बकरीला म्हणाली, "मीठ कमी शे."

मी बकरीला म्हटलं, "तिचं मीठ गिरणेने नेलं, तिकडून मागून आण म्हणावं."

ताजबी दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. "या अल्ला, बकरी का सर दुखेगा," म्हणाली.

१६ ऑगस्ट, रविवार

रस्ता सुरू झाल्याबरोबर सुलक्षणा आली. आधी माझे पाय दाबून पाहिले, दुखतात का म्हणून. मग कागद घेऊन शाळेत गेली, कोणाला कोणी सांगितलं ते विचारायला. परत आली ती नाचत.

"आजी, ताजबीचाचींना भिकुआजीने सांगितलं. आणि भिकुआजीला कोणी सांगितलं माहीत आहे? ती म्हणते, बकरीने! जनावरांना आधी कळतं असं म्हणतात, आपल्याकडे घडलंच! मी बकरीचा ठिपका टाकते."

आणि टाकला. भिकुबाईच्या ठिपक्याला चिकटून, पांढरा. आणि माझी ती पक्की रेघ तशीच.

मी पाहत राहिले. काय करावं कळेना. गप्प राहिले असते तर चाललं असतं. भांडण उंबऱ्याच्या आत, बकरीला मान, पोरीला आनंद. पण पोळ्यानंतर साहेब येणार. खालच्या गल्लीला भोंगा मागितला तर म्हणतील, कशाला? तिथे ताईबाई आहेत. त्यांचा पाय दुखला तर बकरी आहे. आणि त्या बकरीला अक्कल किती, ते माझ्या पदराला विचारा.

म्हटलं, "बकरीला काही कळलं नव्हतं. बकरीला मी सांगितलं."

"तू? मग भिकुआजीला का नाही सांगितलंस?"

"मी तिच्याशी बोलत नाही."

"कधीपासून?"

"दोन कानबाया."

तिने हातातला पेन खाली ठेवला. "पण तू म्हणालीस तिलाच सांगशील. मी त्यावर रेघ मारली. रेघेवर भोंगा ठरला."

"भिकुबाईनेही तेच सांगितलं होतं."

"म्हणजे दोघी खोटं बोललात? एकच खोटं? ठरवून?"

"आमचं बोलणं बंद आहे, ठरवणार कसं?"

तिने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. रागावेल वाटलं. रागावली असती तर मलाही बोलता आलं असतं. शेवटी म्हणाली, "आजी, जी रेघ नाही ती दोघींनी सांगितली. आणि पाणी आलं तेव्हा निरोप त्याच रेघेवरून गेला. मग ती रेघ आहे की नाही? मी काय भरू?"

"मला काय विचारतेस? मी चौथी नापास."

तिने माझ्यापासून बकरीपर्यंत एक बाण काढला, बकरीपासून भिकुबाईपर्यंत एक. मग विचारलं, "बाण उलटा येतो का? तिच्याकडून बकरीकडे, बकरीकडून तुझ्याकडे?"

म्हटलं, मीठ कमी आहे एवढं आलं होतं.

तोही बाण काढला. मास्तरांना काय सांगणार कोण जाणे. साहेबांना मात्र फोनवर स्पष्ट सांगितलं की खालच्या गल्लीतली रेघ मी चुकीची धरली होती, तिथे निरोप बकरीच्या भरवशावर आहे. समोरचा साहेब बराच वेळ 'हॅलो हॅलो' करत होता.

चूक माझी, आणि ही म्हणते मी धरली होती. हे मला पटलं नाही. पण फोन तिच्या हातात होता.

१९ ऑगस्ट, बुधवार

खालच्या गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणून गेले. खांब रोवायचा आहे. भिकुबाईच्या दाराच्या समोरच. पोळा झाल्यावर म्हणणारे पोळ्याच्या आधीच आले. बकरीच्या नावाला साहेब घाबरतात, हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

२२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई. यंदा अधिक महिन्याने सगळेच सण लांबले.

अंगणात चादर टाकून गहू मोजत होते. प्रेमराज पोतं धरून बसला होता. आमच्या घरचे झाले, पलीकडच्या चुलत्यांचे झाले. तेवढ्यात भिकुबाईची बकरी आत आली, दावं लोंबत. मागे भिकुबाई, पण कुंपणाच्या बाहेर. निंबाकडे तोंड.

"बकरी," ती निंबाला म्हणाली, "अक्काले सांग, मनं घर अजून चिखलमा शे. देवीले कोठे बसाडू?"

मी माप खाली ठेवलं. म्हटलं, "बकरी, सांग तिले. थोरलं घर कोठे गयं? तठेच शे, जठे व्हतं."

 मग बाहेरून बारीक आवाज आला. भिकुबाईचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "हितेंद्र सुरतहून येल शे. घरमाना गाळ काढाले. त्याना बी गहू मोज म्हना अक्काले."

मी चादरीवरचे गहू सारखे केले. काय उत्तर देणार? नियम तोच आहे. कूळ तेच आहे. प्रेमराज माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे पाहत होते, शेव नव्हती. आणि एवढ्यात बकरीने सरळ चादरीवर येऊन गव्हात तोंड घातलं. मोजलेल्या. रोटाच्या!

एकदा उष्टं झालेलं धान्य देवीला चालत नाही. ते सगळं बाजूला करावं लागलं. कोठीतून नवे गहू काढले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले. आमच्या घरचे, चुलत्यांचे, भिकुबाईच्या मुलाचे. हात चालत होता. मी बकरीला शिव्या देत होते आणि हात चालत होता.

प्रेमराज म्हणाला, "माय, सव्वा माप जास्त झालं."

म्हटलं, "बकरीचं. दळून आण."